पावसाला नकार देणारं बी

मे महिन्यात अफजलपूरकडचा मुरमाड माळ बघवत नाही. पारा चाळिशीपार, गवताची काडी उरलेली नाही. मृगाचे दोन पाऊस होतात आणि त्याच मातीवर नखाएवढी त्रिदळं उमटतात. रानमेथी! विलायती क्लोव्हरची ही देशी भावकी इतके दिवस होती कुठे?

काही जमिनीलगतच्या खोडात. रानमेथी मातीला चिकटून सरपटते, पेरापेराला मुळं सोडते. मेंढी पानं खुडते, खोड बचावतं.

पण खरी करामत बियाची. वळवाची सर येते, माती भिजते, तरी यातल्या कितीतरी बिया पाण्याला आत घेतच नाहीत! टरफलच तेवढं घट्ट. उन्हाळाभर माती दुपारी भाजते, रात्री निवते. त्या ओढाताणीत टरफल सैल पडतं. तेही सगळ्या बियांचं एकाच वर्षी नाही. उपाशी राहू, पण बेण्याची कणगी फोडणार नाही म्हणणाऱ्या घरासारखं हे झाड वागतं. म्हणून 1972 सारखं दुष्काळी साल येऊन गेलं तरी मातीत बी शिल्लक राहतं. स्टायलो या चाऱ्याचं बी तर इतकं हट्टी, की पेरण्याआधी ते 80 अंशांच्या पाण्यात बुडवतात. एवढ्या चटक्याने बी मरत नाही, जागं होतं!

मग मेंढरं कधी सोडायची? दुष्काळानंतर जुनं खोड पहिली पानं मुळातल्या साठ्यावर काढतं. ती लगेच खाल्ली गेली तर दुसरी काढायची कशावर? तेव्हा कळप लांब हवा. कायमचा मात्र नको, कारण वाढलेलं पवन्या-कुसळीचं गवत रानमेथीचं ऊन अडवतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने 1990 च्या दशकात चराईबंदी केली, पण विळ्याने गवत कापून न्यायची मोकळीक ठेवली. मला हा फार शहाणपणाचा तोडगा वाटतो.

फुलोऱ्यात माळाला पुन्हा विसावा द्यावा. शेंगा वाळल्या, की कळप खुशाल सोडावा. शेंगेवरचे सूक्ष्म आकडे लोकरीत अडकतात, शेंग सांध्यावर तुटते आणि एकेक बी मेंढीच्या पाठीवरून पुढच्या गावाला निघतं!

पावसाळ्यात एक रोप उपटून मुळावरची गाठ नखाने फोडून बघा. आत गुलाबी रंग दिसेल, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावंडाचा. तिथले जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला देतात. कोरड पडली की या गाठी झडतात, ओल आली की नव्या धरतात. त्या जिवाणूंना लागणारी साखर पानांतून येते. पहिली पानं राखायची ती यांच्यासाठीसुद्धा.