आडनावांचा संघ आणि मातीचा संघ

कल्पनेतला संघ निवडणे हा क्रीडारसिकांचा जुना आणि निरुपद्रवी छंद आहे. हयात आणि दिवंगत, गवतावर खेळलेले आणि कृत्रिम मैदानावर खेळलेले, असे सारे खेळाडू मनोमन एका रांगेत उभे करावयाचे, त्यांतून अकरा वेचावयाचे आणि मग त्या निवडीवर मध्यरात्रीपर्यंत वाद घालावयाचा. क्रिकेटच्या बाबतीत हा उद्योग मराठी घरांतून पुष्कळ झाला आहे. हॉकीच्या वाट्याला तो फारसा आलेला नाही. म्हणूनच आपला सार्वकालिक हॉकी संघ निवडावयाचा, असे म्हणून कागद पुढे ओढला की पहिल्याच ओळीला लेखणी अडते. ‘आपला’ म्हणजे नेमका कोणाचा?

पलसाण्यासारख्या ठिकाणी राहणाऱ्या मराठी माणसाला हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. सुरतेच्या कापडधंद्यामागोमाग खानदेशातून आलेली मराठी घरे आज पलसाणा, कडोदरा, चलथाण या पट्ट्यापर्यंत पसरली आहेत. या घरांतली एखादी मुलगी उद्या राष्ट्रीय स्पर्धेच्या मैदानात उतरली, तर ती बहुधा गुजरातच्या नावाने उतरेल. मग तिला आपली कोणी म्हणावयाचे? आज संघ निवडताना जी कसोटी आपण इतरांना लावू, तीच उद्या आपल्या मुलांना लागणार आहे, हे ध्यानात ठेवून पुढे जावे हे बरे.

सर्वांत सोपी कसोटी आडनावाची. ती लावून पाहिली, तर १९६० च्या रोम ऑलिंपिकमधील रौप्यपदक विजेत्या संघातले गोविंद सावंत समोर येतात. १९७५ साली क्वालालंपूर येथे भारताने पाकिस्तानला २-१ असे हरवून विश्वचषक जिंकला, त्या संघातले शिवाजी पवार आठवतात. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खेळलेले झाशीचे तुषार खांडेकर आहेत. महिलांच्या हॉकीला ऑलिंपिकमध्ये प्रथम स्थान मिळाले ते १९८० साली मॉस्को येथे. चौथ्या क्रमांकावर आलेल्या त्या भारतीय संघात रेखा मुंडफण होत्या. ही सारी नावे अभिमानाचीच आहेत. परंतु एवढ्यांवर अकराजणांचा संघ उभा राहत नाही.

असे का व्हावे, याचे उत्तर खेळाच्या प्रवासात सापडते. हॉकी आपल्याकडे आली ती पलटणींबरोबर. ती रुजली छावण्यांत, रेल्वेच्या वसाहतींत आणि ख्रिस्ती शाळांच्या पटांगणांवर. महू, झाशी, खडकी ही हॉकीची गावे मुळात लष्करी ठाणी होत. मुंबईत हा खेळ जोपासला तो मुख्यतः गोमंतकीय, मंगळुरी आणि अँग्लो-इंडियन मंडळींनी. खेड्यापाड्यांतला मराठी तरुण मात्र तालमीत, कबड्डीत आणि खो-खोत रमलेला होता. तेव्हा आडनावांची चाळणी लावणे म्हणजे हा इतिहासच नाकारणे होय.

म्हणून दुसरी कसोटी मातीची. जो महाराष्ट्राच्या मैदानावर वाढला, किंवा या प्रांतातल्या संघाकडून खेळून नावारूपाला आला, तो आपला. ही कसोटी लावताच चित्र एकदम पालटते. खेळाडूंच्या जागा जुन्या पद्धतीने मांडून मी निवडलेला संघ असा:

गोलरक्षक शंकर लक्ष्मण. फुलबॅक विरेन रस्किन्हा आणि जोकिम कार्व्हालो. हाफबॅकच्या फळीत उजवीकडे बाबू निमल, मध्ये एम. एम. सोमय्या, डावीकडे मॅक्सी वाझ. आघाडीला उजवीकडून डावीकडे किशनलाल, मर्व्हिन फर्नांडिस, धनराज पिल्ले, युवराज वाल्मीकी आणि लॉरी फर्नांडिस. राखीव खेळाडूंत लिओ पिंटो आणि विक्रम पिल्ले.

या संघाची बलस्थाने प्रथम पाहू. पहिले बलस्थान म्हणजे हाफबॅकची फळी. बाबू निमल हे १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ध्यानचंदांच्या नेतृत्वाखाली जर्मनीला ८-१ असे नमविणाऱ्या संघात होते. वाझ १९४८ च्या लंडन सुवर्णपदकाचे मानकरी. सोमय्या मूळचे कोडगूचे, पण मुंबईच्या हॉकीत मुरलेले. १९८०, १९८४ आणि १९८८ अशी तीन ऑलिंपिके ते खेळले आणि शेवटच्या वेळी सोल येथे कर्णधारही होते. जुन्या हॉकीत संघाचा कणा म्हणजे हीच फळी. बचाव सावरणे आणि आघाडीला चेंडू पुरविणे, ही दोन्ही कामे तिच्याकडे असत.

दुसरे बलस्थान आघाडीची उजवी बाजू. किशनलाल जन्माने महूचे, पण बी. बी. अँड सी. आय. रेल्वेच्या नोकरीमुळे मुंबईच्या हॉकीचे झाले. सुरतेवरून मुंबईस जाणारी आजची पश्चिम रेल्वे ती हीच. स्वतंत्र भारताला हॉकीचे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक १९४८ साली मिळाले, तेव्हा अंतिम सामन्यात ब्रिटनला त्याच्याच राजधानीत ४-० असे हरविणाऱ्या संघाचे ते कर्णधार होते. त्यांच्या शेजारी मॉस्कोचे सुवर्णपदक मिळविणारे मुंबईचे मर्व्हिन, आणि मध्ये धनराज. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, तमिळ घरात, मोडक्या स्टिका जोडून खेळायला शिकलेला हा मुलगा पुढे चार ऑलिंपिके, चार विश्वचषक आणि चार आशियाई स्पर्धा खेळला. त्याच्या पायांतला वेग आणि किशनलाल यांचे चेंडूवरचे नियंत्रण एकत्र आले, तर कोणत्याही बचावफळीची तारांबळ उडावी.

तिसरे बलस्थान गोलरक्षक. शंकर लक्ष्मण १९५६, १९६० आणि १९६४ अशा तीन ऑलिंपिक अंतिम सामन्यांत पाकिस्तानविरुद्ध उभे राहिले आणि तिन्ही मिळून त्यांच्यावर गोल झाला तो एकच.

आता उणिवा. संघाच्या प्रेमात पडलेल्या निवडकर्त्याला त्या दिसत नाहीत. परंतु प्रतिस्पर्ध्याला पहिल्या पाच मिनिटांत दिसतात.

सर्वांत मोठी उणीव फुलबॅकच्या जोडीत आहे. रस्किन्हा आणि कार्व्हालो हे दोघेही उत्तम खेळाडू. पण त्यांचा पिंड मधल्या फळीचा. मी त्यांना मागे ओढले, कारण त्या जागी तितक्याच तोलामोलाचे दुसरे नाव मला आपल्या मातीत सापडले नाही. ही उसनवारी होय, आणि उसनवारीचा बचाव दमदार आघाडीपुढे उघडा पडतो.

दुसरी उणीव पेनल्टी कॉर्नरची. आजचे सामने पुष्कळदा याच एका प्रसंगावर फिरतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताला ब्राँझपदक मिळाले, तेव्हा कर्णधार हरमनप्रीत सिंग यांनी दहा गोल केले, ते मुख्यतः पेनल्टी कॉर्नर आणि पेनल्टी स्ट्रोक यांवर. आपल्या अकराजणांत त्या जातीचा एकही फटकेबाज नाही. मैदानी गोल सुंदर खरेच. पण केवळ सौंदर्यावर आजचा सामना जिंकता येत नाही.

तिसरी उणीव मैदानाची. ऑलिंपिकमध्ये कृत्रिम मैदान आले ते १९७६ साली माँट्रियल येथे, आणि त्याच वर्षी भारत सातव्या क्रमांकावर घसरला. आपल्या संघातले निमल, वाझ, किशनलाल, लॉरी फर्नांडिस आणि शंकर लक्ष्मण हे पाचजण गवताचे. उरलेले सहा कृत्रिम मैदानाच्या जमान्यातले. गवतावर चेंडू खेळाडूच्या मागे येतो. कृत्रिम मैदानावर खेळाडूला चेंडूच्या मागे धावावे लागते. शिवाय जुन्या पाचजणांच्या काळी ऑफसाइडचा नियम होता आणि बदली खेळाडू हवे तेव्हा आतबाहेर करण्याची आजची सोय नव्हती. हे दोन काळ एका संघात नांदविणे निवडकर्त्याला कागदावर जमते, प्रशिक्षकाला मैदानावर जड जाईल.

आणखी एक पेच नेतृत्वाचा. किशनलाल, शंकर लक्ष्मण, सोमय्या, धनराज हे चौघेही भारताचे कर्णधार. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. इथे तर चार आहेत. माझा कौल शंकर लक्ष्मण यांना. १९६६ साली बँकॉक येथे आशियाई सुवर्णपदक भारताला मिळाले ते त्यांच्या नेतृत्वाखाली. पुढचे आशियाई सुवर्ण मिळण्यास बत्तीस वर्षे लागली. तेही १९९८ साली बँकॉकलाच, आणि त्या वेळी कर्णधार होते धनराज. तेव्हा उपकर्णधारही ठरला.

चोखंदळ वाचक येथे आक्षेप घेतील. शंकर लक्ष्मण जन्मले महूला, अखेरचा श्वास घेतला तोही २००६ साली महूलाच. मग ते महाराष्ट्राचे कसे? आक्षेप रास्त आहे. ते मराठा लाइट इन्फंट्रीचे सैनिक होते आणि त्या पलटणीचे केंद्र बेळगावला आहे, एवढाच माझा आधार. कठोर नियम लावला, तर त्यांच्या जागी मुंबईचे लिओ पिंटो येतील. १९४८ च्या सुवर्णपदक संघातले ते गोलरक्षक असल्याने संघ काही उघडा पडणार नाही. तरीही मी शंकर लक्ष्मण यांनाच ठेवतो. ज्यांनी आयुष्यभर ‘मराठा’ हे नाव खांद्यावर वागविले, त्यांना जन्मगावाचा दाखला मागण्याचा अधिकार निदान महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणांस नाही.

हिशेब मांडला तर हा संघ मैदानी खेळात कोणालाही भारी, बचावात बेताचा आणि पेनल्टी कॉर्नरवर दुबळा ठरतो. चांगला फुलबॅक आणि कॉर्नरचा फटकेबाज या दोन जागा अजून रिकाम्याच समजाव्यात. त्या भरणारा मुलगा खडकीत वाढत असेल, वांद्र्यात असेल, किंवा पलसाण्याच्या एखाद्या शाळेच्या पटांगणावर गुजराती सवंगड्यांबरोबर काठी आणि चेंडू घेऊन धावत असेल. खडकीने धनराजला त्याचे आडनाव विचारले नाही. आपल्या मुलालाही कोणी ते विचारू नये, अशी इच्छा असेल तर आपणही आपला संघ त्याच मनाने निवडावा. वाचकांनी आपापले अकराजण जरूर कळवावेत. फुलबॅकसाठी कोणाला नाव सुचले तर ते आधी!