विश्लेषण : तापामुळे मागे राहिलेल्या संताचे नाव शहराला कसे मिळाले?

स्वित्झर्लंडच्या ईशान्येला सेंट गॅलन हे शहर आहे. तिथल्या कॅन्टनचे, म्हणजे राज्याचे, नाव तेच. विद्यापीठाचे तेच आणि तिथल्या प्रसिद्ध सॉसेजचेही तेच. ही सगळी नावे संत गॅलस यांच्यावरून आली. पण गॅलस यांनी ना शहर वसवले, ना मठ स्थापन केला. मग हे घडले कसे?

कोण होते संत गॅलस?

परंपरेनुसार ते आयर्लंडचे धर्मप्रसारक संत कोलंबानस यांचे शिष्य. इसवी सन 612 च्या सुमारास गुरू इटलीकडे निघाले, तेव्हा गॅलस तापाने फणफणले होते. जुनी चरित्रे सांगतात की, गुरूंना ते सोंग वाटले. 'मी जिवंत असेपर्यंत मिस्सा अर्पण करायची नाही,' अशी शिक्षा त्यांनी दिली. गॅलस यांनी श्टाइनाख नदीकाठी जंगलात झोपडी बांधली. दंतकथेत एक अस्वल त्यांना लाकडे आणून देते. ते अस्वल आजही शहराच्या मानचिन्हावर आहे. पुढे बिशपपद चालून आले, तेही त्यांनी नाकारले, असे चरित्रे सांगतात.

मठ कोणी उभारला?

गॅलस यांच्या मृत्यूनंतर अनेक दशकांनी, 719 मध्ये, ओटमार यांनी. मठाच्या ग्रंथालयात आज सुमारे 2,100 हस्तलिखिते आहेत. त्यातला नवव्या शतकातला आदर्श मठाचा नकाशा इंजिनीअरिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाहावा असा आहे. पाच चर्मपत्रे शिवून केलेल्या या नकाशात चर्च, बेकरी, दवाखाना, कोंबड्यांची खुराडी, अगदी शौचालयेही आखली आहेत. बाराव्या शतकात कुणीतरी त्याच्या कोऱ्या पाठीवर दुसऱ्या एका संताचे चरित्र उतरवले. त्यामुळेच तो जपला गेला, असे मानतात. जर्मनीत मेसकिर्शजवळ 2013 पासून याच नकाशावरून, त्या काळच्या अवजारांनी, मठ बांधला जात आहे. त्या प्रकल्पाचे नाव 'कॅम्पस गाली'. म्हणजे पुन्हा गॅलसच!

मठ गेला, नाव का राहिले?

सोळाव्या शतकात शहर प्रोटेस्टंट झाले. 1805 मध्ये मठही बरखास्त झाला. पण तोपर्यंत ते नाव एका पंथाचे उरले नव्हते. 1803 मध्ये नवे कॅन्टन बनले, त्यानेही तेच घेतले. पुढे इथले भरतकाम जगभर गेले. आपल्याकडे हकोबा म्हणतात तशा छिद्रांच्या भरतकामाला इटलीत आजही 'सांगालो' म्हणतात.

शहराने पंथ बदलला, मठ गमावला, पण नाव बदलले नाही. पद नाकारणाऱ्या संताच्या वाट्याला असे आले.