स्वस्त संगणक आला, पुढे काय?

रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैरात नावाची लहानशी वाडी आहे. २००७ साली तिथल्या एकशिक्षकी शाळेतल्या मुलांच्या हातात हिरवे-पांढरे, मूठ असलेले लॅपटॉप आले. ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा भारतातला हा पहिला प्रयोग. गरीब देशांतल्या मुलांना शंभर डॉलरमध्ये लॅपटॉप देण्याची घोषणा अमेरिकेतल्या निकोलस निग्रोपॉन्टी यांनी २००५ मध्ये केली होती.

यंत्र मोठ्या विचाराने घडवलेले होते. पडदा भर उन्हात वाचता येई. हार्ड डिस्क नव्हतीच, त्यामुळे आदळआपटीत बिघडणारा फिरता भागही नव्हता. कीबोर्ड रबरी, धूळ आणि पाणी आत न शिरू देणारा. वीज अगदी थोडी लागे. इंटरनेट नसले तरी शेजारशेजारचे लॅपटॉप आपसांत जोडले जात. मराठवाड्यातला उन्हाळा आणि भारनियमन सोसलेल्या माणसाला यातल्या प्रत्येक गोष्टीचे मोल लगेच कळेल. शंभर डॉलरची किंमत मात्र साधली नाही; सुरुवातीलाच ती १८८ डॉलरच्या घरात गेली.

खैरातच्या प्रयोगाआधीच, २००६ मध्ये, केंद्रीय शिक्षण खात्याने ही योजना नाकारली होती. आधी वर्गखोल्या आणि शिक्षक हवेत, असे खात्याचे म्हणणे. ते अगदीच चूक नव्हते. पेरू देशाने लाखो लॅपटॉप वाटले; २०१२ मध्ये तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा गणित आणि भाषेत मुलांची प्रगती झाल्याचे आढळले नाही. उरुग्वेने लॅपटॉपबरोबर शाळांना इंटरनेट, दुरुस्तीची सोय आणि शिक्षकांना प्रशिक्षण दिले. तिथली योजना टिकली.

आपल्याकडे २०११ मध्ये ‘आकाश’ टॅबलेट आला. सरकारला तो २,२७६ रुपयांना पडला, पण फारच मंद चालायचा. पुढची सुधारित आवृत्ती मुंबई आयआयटीत डॉ. दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली. तरीही घरोघरी पोचला तो स्मार्टफोनच. फोनवर व्हिडिओ पाहता येतो, फॉर्म कसाबसा भरता येतो. हिशेबाचा तक्ता किंवा दहा पानी अहवाल करायला संगणकच लागतो. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या ग्रामीण घरांपैकी फक्त ४.४ टक्के घरांत संगणक होता.

माझ्या मते आपल्या राज्यातले सर्वांत उपयोगी उदाहरण एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाचे आहे. २००१ पासून तो तालुक्या-तालुक्यांत पोचला. संगणक सामायिक, शिकवायला माणूस समोर, पुस्तक मराठीत. ज्याच्या घरी संगणक कधीच नव्हता, तोही तिथे टायपिंग आणि एक्सेल शिकून नोकरीसाठी अर्ज करू लागला. इथे फुकट काही नव्हते, फी भरावी लागे. पण यंत्र बंद पडले तर ते चालू करणारा कोणीतरी होता. वाटपाच्या योजनांत नेमकी हीच जागा रिकामी राहते.

म्हणून पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्या मराठवाड्याच्या लेकरांना एक विनंती. तुमच्या कार्यालयातून दरवर्षी चालते संगणक भंगारात निघतात. त्यांतला डेटा पुसा, एसएसडी बसवा, फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली घाला. मग गावातल्या शाळेला किंवा वाचनालयाला द्या, आणि त्यासोबत वर्षभराच्या दुरुस्तीचा खर्चही उचला.