सर्व्हो गुरगुरतोय? मग आज उडवू नका

आरसी विमान पडलं की पहिला संशय रेडिओवर जातो. ‘सिग्नल गेला यार!’ सिग्नल बिचारा बऱ्याचदा निर्दोष असतो. त्या नऊ ग्रॅमच्या निळ्या डबीकडे, म्हणजे सर्व्होकडे, आणि त्याला मिळणाऱ्या विजेकडे कुणी बघतच नाही.

रिसीव्हर सर्व्होला साधारण दर 20 मिलिसेकंदांनी एक पल्स पाठवतो. पल्स 1500 मायक्रोसेकंदांचा असेल तर आर्म मधोमध, 1000 कडे गेला की एका बाजूला, 2000 कडे गेला की दुसऱ्या. सांगितलेल्या जागी पोचेपर्यंत आतली मोटर जोर लावत राहते. हे ‘लावत राहते’ लक्षात ठेवा, सगळी गोम तिथंच आहे.

समजा, एलिव्हेटरचा पुशरॉड कुठेतरी घासतोय. आर्म पोचत नाही, मोटर थांबत नाही, सर्व्हो गुरगुरतो. एसजी90 सारखा छोटा सर्व्हो असा अडला की अर्धा-पाऊण अँपियर खेचू शकतो. विमानात असे चार. त्यांना वीज देतो ईएससीतला बीईसी. स्वस्तातला असेल तर बहुधा लिनिअर, म्हणजे जास्तीचं व्होल्टेज नुसतं उष्णतेत घालवणारा. हिशोब करा ना: भरलेली थ्री-एस लायपो 12.6 व्होल्ट, सर्व्होंना हवेत 5. उरले 7.6. एकच अँपियर खेचला तरी 7.6 वॉट उष्णता, तीही नखाएवढ्या चिपमध्ये! तापून बीईसी बंद पडला की रिसीव्हरही बंद, सगळे कंट्रोल एकदम गेले. आणि मैदानात त्याच वेळी पोरं क्रिकेट खेळत असतात.

ईएससीवर ‘2 अँपियर’ छापलेलं असतं, पण सेल वाढले की त्या आकड्यावर विसंबू नका. थ्री-एस आणि चार सर्व्हो असतील तर स्विचिंग बीईसी घ्या. तो वेगळा लावलात तर ईएससीकडून रिसीव्हरला जाणारी लाल वायर काढून टेप करा, दोन बीईसी एकमेकांशी भांडायला नकोत.

आता बसवणं. आधी ट्रान्समीटर चालू, ट्रिम शून्यावर, मग विमानाला वीज (प्रॉपेलर काढून हं, बोटं प्रिय असतील तर). सर्व्हो आपोआप मध्यावर येतो. मग आर्म पुशरॉडशी काटकोनात बसवा. दात किंचित जुळत नसेल तर तेवढं सब-ट्रिमने. आर्मचा तो इवलासा स्क्रू डबीतच राहिला नाही ना, बघा.

कंट्रोल जास्त हलतोय म्हणून ट्रान्समीटरमध्ये हालचाल 50 टक्क्यांवर आणू नका. पुशरॉड सर्व्होच्या आर्मवर आतल्या भोकात आणि हॉर्नवर बाहेरच्या भोकात घ्या. हालचाल कमी होते, ताकद वाढते, गिअरची ढिलाईही कमी जाणवते.

मेटल गिअर? फोमच्या ट्रेनरला गरज नाही, असं माझं मत. पैसे मोजके असतील तर चांगला सर्व्हो एलिव्हेटरला लावा. एक एलेरॉन अडकला तर विमान कसंबसं उतरवता येतं. एलिव्हेटर गेला की नाक कुठं जाईल ते विमानच ठरवतं.

आणि एकदा आपटलेलं विमान पुन्हा उडवण्याआधी प्रत्येक स्टिक अगदी हळू, टोकापासून टोकापर्यंत फिरवा. आर्म एका ठरावीक जागी उडी मारत असेल तर गिअरचा दात गेलाय किंवा आतला पोटेन्शियोमीटर. तो सर्व्हो काढा. ‘एवढी एक फ्लाइट’ म्हणून ठेवू नका.