केशवराव भोळे आणि प्रसंगाचें संगीत

दिवाळी सरून धानाची कापणी आटोपूं लागली, कीं आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टींत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाच्या मंडळ्या गांवोगांव जातात, रात्रभर खेळ चालतो, आणि लोक पहांटे घोंगड्या झटकून घरीं परततात. प्रेक्षकांचें लक्ष नटांकडे असतें. आमचें मात्र, खोड म्हणा हवी तर, रंगमंचापुढें बसलेल्या वाजविणाऱ्याकडे असतें. त्याची नजर नटाच्या चेहऱ्यावर खिळलेली असते. नटानें हुंदका लांबविला तर हा सूर लांबवितो. नट भाषण विसरला अशी चाहूल लागतांच दोन आवर्तनें अधिक वाजवून त्याला सांवरून घेतो. प्रसंग किती वेळ चालेल हें त्याला ठाऊक नसतें, आणि तरीहि त्याचें वादन वेळेवर संपतें.

ही विद्या आजची नव्हे. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत ध्रुवा नांवाच्या गीतांचे पांच प्रकार सांगितले आहेत. पात्राच्या प्रवेशाची ती प्रावेशिकी, निघून जाण्याची ती नैष्क्रामिकी. चालू असलेला रस एकाएकीं मोडून दुसरा आणणारी आक्षेपिकी. प्रेक्षकांचें चित्त पुन्हां प्रसन्न करणारी प्रासादिकी. आणि पात्र मूर्च्छित झालें, घसरून पडलें किंवा वस्त्र सांवरूं लागलें, तर मधली फट भरून काढणारी अंतरा. पार्श्वसंगीत हा बोलपटांचा शोध आहे असें ज्यांस वाटतें, त्यांनीं हा भाग एकदां अवश्य वाचावा.

हें सारें आठवण्याचें कारण, आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र. त्याचा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत आहे, आणि त्याला आतां चित्रपटांस व व्हिडिओ गेमांस संगीत देण्याचा धंदा करावयाचा आहे. "मुलगा हातचा गेला असें समजूं काय?" अशी बापाची पृच्छा. उत्तरादाखल आम्हीं त्याला एका माणसाचें चरित्र लिहून धाडलें. तेंच थोडें विस्तारानें वाचकांपुढें ठेवीत आहों.

केशव वामन भोळे यांचा जन्म १८९६ सालीं अमरावतीस झाला. म्हणजे ते आपल्या विदर्भाचेच. वैद्यकीच्या शिक्षणासाठीं ते मुंबईस गेले आणि तें शिक्षण पुरें न करतां गाण्याकडे वळले. त्या काळीं सुशिक्षित घरांतील मुलानें डॉक्टरकी सोडून गाणें धरणें म्हणजे काय, हें ज्यांच्या घरीं तसा प्रसंग आला असेल त्यांसच समजेल. परंतु पालकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. केशवरावांनीं अभ्यास सोडला नाहीं, अभ्यासाचा विषय बदलला. मोठमोठ्या गवयांचीं गाणीं ते कान देऊन ऐकत, आणि नुसते वाहवा करून स्वस्थ बसत नसत. कोणाचा आवाज कसा लागतो, कोणाची मांडणी कोठें डौलदार व कोठें पोकळ, याचें पृथक्करण करून तें लिहीत. 'एकलव्य' व 'शुद्ध सारंग' या टोपणनांवांनीं त्यांनीं केलेलें हें लेखन मराठी संगीतसमीक्षेंत आजहि मानाचें आहे. वैद्यकीच्या विद्यार्थ्याची चिरफाड करण्याची संवय येथें उपयोगी पडली असावी, असें आम्हांस राहून राहून वाटतें.

१९३२ सालीं त्यांचा विवाह गोव्याच्या दुर्गा केळेकर यांच्याशीं झाला. याच पुढें गायिका-अभिनेत्री ज्योत्स्ना भोळे म्हणून नांवारूपास आल्या. १९३३ च्या जुलै महिन्यांत नाट्यमन्वंतर या संस्थेनें 'आंधळ्यांची शाळा' हें नाटक मुंबईस रंगभूमीवर आणलें. नॉर्वेच्या ब्यर्न्सन या नाटककाराच्या कृतीवरून श्री. वि. वर्तकांनीं तें रचलें होतें. त्यांत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनींच केल्या, आणि बिंबाची भूमिका ज्योत्स्नाबाईंची होती. संगीत केशवरावांचें. पदांमागून पदें आणि त्यांवर 'वन्स मोअर'चा गजर, अशा संगीत नाटकावर पोसलेल्या प्रेक्षकांपुढें त्यांनीं थोडीं, आटोपशीर, कथेला धरून असलेलीं गाणीं ठेवलीं, आणि साथीला पियानो, व्हायोलिन व हवाईयन गिटार घेतली.

त्याच वर्षीं प्रभात कंपनी कोल्हापुराहून पुण्यास आली. केशवराव तिच्यांत शिरले, आणि १९३४ चा 'अमृतमंथन' त्यांच्या संगीतानें सजला. पुढें 'माझा मुलगा', 'संत ज्ञानेश्वर' वगैरे बोलपट झाले. परंतु त्यांची खरी पारख करावयाची ती दोन बोलपटांवरून.

पहिला १९३६ चा 'संत तुकाराम'. विष्णुपंत पागनीस तुकोबांच्या भूमिकेंत होते. हा बोलपट मुंबईस एकाच थिएटरांत वर्षाहून अधिक चालला, आणि १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. त्यांतील सालोमालो तुकोबांची रचना आपल्या नांवावर खपवितो. शब्द तेच, पण तुकोबांच्या तोंडीं ते भजनासारखे साधे, सरळ येतात, आणि सालोमालोच्या तोंडीं नटवे, मुरके घेत. चोरी झाली हें कोणीं बोलून दाखविण्यापूर्वींच कानाला कळतें. शांताराम आठवले यांनीं या बोलपटासाठीं लिहिलेलें एक गीत पुष्कळांस खुद्द तुकोबांचा अभंगच वाटलें, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. कवीचें श्रेय त्यांत निर्विवाद. पण चाल वारकऱ्याच्या टाळाशीं फटकून असती तर असा भ्रम क्षणभरहि टिकता ना.

दुसरा १९३७ चा 'कुंकू'. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा हा बोलपट. तरुण नीरा म्हणजे शांता आपटे, आणि जिच्याशीं फसवून लग्न लावलें तिचा म्हातारा नवरा म्हणजे केशवराव दाते. यांत व्ही. शांताराम यांनीं पार्श्वसंगीत मुळींच ठेवलें नाहीं. जें ऐकूं येतें तें सारें त्या घरांतलें व त्या प्रसंगांतलें; भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची टकटक कोणत्याहि सनईहून अधिक सांगून जाते. ज्याचा धंदाच सूर पुरविण्याचा, त्यानें असा नियम पाळून गाणीं बसवावयाचीं, हें सोपें काम नव्हे. दुकानदारानें माल कमी विकण्यांत कौशल्य दाखविण्यासारखें तें आहे! आजच्या मालिकांचे संगीतकार 'कुंकू' एकदां पाहतील तर आमच्या म्हाताऱ्या कानांवर उपकार होतील.

आपण काय केलें व कां केलें, हें केशवरावांनीं 'माझें संगीत' या पुस्तकांत लिहून ठेवलें आहे. ते १९७७ सालीं वारले. प्रभातच्या जागीं १९६० पासून चित्रपटशिक्षणाची सरकारी संस्था आहे.

आतां व्हिडिओ गेमांकडे वळूं. बोलपटाचा प्रसंग कापून, मोजून ठेवलेला असतो. संगीतकाराला त्याची लांबी सेकंदांत ठाऊक असते. खेळांत तसें नाहीं. खेळणारा पोर एका दारापाशीं अर्धा तास घुटमळेल, नाहींतर एका उडींत पार होईल. संगीतानें त्याची वाट पाहिली पाहिजे. १९७८ सालच्या 'स्पेस इन्व्हेडर्स' या जपानी खेळांत चारच सुरांचें आवर्तन होतें. शत्रू जसजसा जवळ येई तसतशी त्याची लय वाढे, आणि मुलांच्या छातींत धडधड होई. १९८५ च्या 'सुपर मारिओ'ला कोजी कोंदो यांनीं संगीत दिलें. त्यांत वेळ संपत आली कीं चाल एकाएकीं जलद होते. ही आक्षेपिकी नव्हे तर काय? पुढें तर संगीतकार एकाच चालीचे थर वेगवेगळे रचूं लागले. शांततेंत एकटी बांसरी. संकट आलें कीं त्याच लयींत ढोल येऊन मिळतो. संकट टळलें कीं ढोल गळतो. कोणताहि तुकडा कोणत्याहि क्षणीं दुसऱ्यास जोडतां आला पाहिजे, म्हणून सूर, लय व आवर्तन यांचा हिशेब आधींच चोख करावा लागतो. रंगमंचापुढें बसून नटाचें तोंड पाहणारा आमचा वाजविणारा हेंच करतो. येथें त्याची नजर यंत्राला शिकवावयाची असते. तेथें अभियांत्रिकी वाया जात नाहीं, हें आम्हीं बापास मुद्दाम कळविलें.

या कामाला आतां प्रतिष्ठाहि आली आहे. अमेरिकेंतील ग्रॅमी पारितोषिकांत व्हिडिओ गेमच्या संगीतासाठीं २०२३ पासून स्वतंत्र पारितोषिक देऊं लागले. पहिलें स्टेफनी इकॉनॉमू या बाईंस मिळालें. आणि पुण्याच्याच एका कंपनीनें २०२० सालीं 'राजी' नांवाचा खेळ काढला. आपला धाकटा भाऊ शोधीत निघालेल्या मुलीची ती पुराणांच्या वळणाची कथा. खेळ पुण्याचा, देव आपले, परंतु संगीत दिलें तें लिनॉस त्झेलॉस या ग्रीक संगीतकारानें. त्यांत वाईट कांहीं नाहीं. 'आंधळ्यांची शाळा'हि नॉर्वेहूनच आली होती. मात्र झाडीपट्टींत उभ्या हंगामभर रात्रीं जागवून नटांना साथ करणारीं मुलें आपल्याकडे असतांना, त्यांतील एकादें या कामापर्यंत पोंचूं नये याची चुटपुट लागते.

त्या मुलास आम्हीं तीन कामें सांगितलीं आहेत. पदवी पुरी करावी, स्वरलेखन शिकावें, आणि 'कुंकू' दोनदां बघावा, दुसऱ्या खेपेस डोळे मिटून. जेथें एखादा सामान्य संगीतकार वाद्यें घालता अशा जागा मोजून कळवावयास सांगितलें आहे. त्याचें पत्र परवां आलें. पहिल्या अर्ध्या तासांतच त्यानें सतरा जागा काढल्या आहेत, आणि त्यांपैकीं चार ठिकाणीं आपण तरी सनई घातलीच असती, असें तो हट्टानें लिहितो.