बडवाहच्या मांडवातली सिएटलची मुलगी

जालना जिल्ह्यातल्या मंठ्याच्या जुन्या माणसाला राजा म्हटलं की निजाम आठवतो आणि निजाम म्हटलं की सारा, रझाकार आणि १७ सप्टेंबर १९४८. शेजारचं लोणार वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजी अमलाखाली; मंठा मात्र मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात. १९८१च्या १ मे रोजी जालना जिल्हा झाला, त्याच्या आधीच तिथल्या गढ्या ढासळून गेल्या होत्या. राजा प्रेमात पडतो, हे या भागाने पाहिलं नाही. ते ऐकलं कीर्तनात, पाहिलं तंबूतल्या सिनेमात आणि आता वाचलं जातं मोबाइलवर.

मंठ्याहून जालन्याला कॉलेजात जाणाऱ्या मुली एस.टी.त बसल्या बसल्या मोबाइलवरच्या कथामालिकांचे भाग वाचतात. त्यातला नायक पुष्कळदा कुठल्यातरी संस्थानाचा वारस असतो. वाडा असतो, करारी आऊसाहेब असतात आणि साध्या घरातली, पण ताठ कण्याची नायिका असते. या वाचनाला नाक मुरडण्याचं कारण नाही. मराठी कादंबरीचं बालपणच राजवाड्याच्या आसपास गेलं. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. ताटातूट, संकटं आणि अखेरीस मीलन, हा साचा तेव्हाच पक्का झाला. १९०२मध्ये वि. का. राजवाड्यांनी ‘कादंबरी’ या निबंधात अद्भुतरम्यतेची बाजू घेतली होती.

जगातही ही गोष्ट जुनी झालेली नाही. कपूरथळ्याचे महाराज जगतजितसिंह आणि स्पेनची नर्तकी अनिता देलगादो यांचं लग्न १९०८चं. हाविएर मोरो या स्पॅनिश लेखकाने त्यावर कादंबरी लिहिली ती २००५मध्ये. केसी मॅक्विस्टन यांच्या २०१९च्या ‘रेड, व्हाइट अँड रॉयल ब्लू’मध्ये ब्रिटिश राजपुत्र अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या मुलाच्या प्रेमात पडतो.

या कादंबऱ्या बहुधा लग्नाशी किंवा होकाराशी थांबतात. खरा पेच पुढे असतो. सून कोणत्या जातीची धरायची? तिचं नाव काय? मुलगा झाला तर गादीवर बसेल का? ही उत्तरं शोधायची तर मराठी मुलखातल्या खऱ्या गोष्टींकडे वळावं लागतं.

मंठ्याला सगळ्यांत जवळची अशी गोष्ट तेव्हाच्या औरंगाबादची, आजच्या छत्रपती संभाजीनगरची. १६५३मध्ये दख्खनचा सुभेदार म्हणून निघालेला शाहजादा औरंगजेब वाटेत बुऱ्हाणपूरला काही महिने थांबला. तिथे मावशीच्या घरातली हिराबाई ही गायिका त्याने पाहिली. इतिहासात ती ‘झैनाबादी’ या नावाने ओळखली जाते. बागेत शाहजाद्याची पर्वा न करता तिने उडी मारून आंबा तोडला आणि तो भान हरपला, असं ‘मआसिर-उल-उमरा’ हा ग्रंथ सांगतो. तिने त्याच्या हाती मद्याचा पेला दिला, तो ओठाला लावणार तोच काढून घेतला. तिला फक्त प्रेमाची परीक्षा पाहायची होती, अशीही कथा आहे. तपशिलांवर इतिहासकारांचं एकमत नाही. पण हा ग्रंथ रचणारे शाहनवाझखान स्वतः औरंगाबादेत राहत होते आणि तिची कबर याच शहरात असल्याचं ते नोंदवतात. ती लवकर गेली. घरात रडून मन हलकं होत नाही, त्याला एकांत रान लागतं, अशा अर्थाचं काही बोलून शाहजादा शिकारीला निघून गेला. पुढे पन्नास वर्षं कठोरपणाने राज्य करणाऱ्या माणसाबद्दलची ही नोंद वाचणाऱ्याला थांबवते. हिराबाईला काय वाटत होतं, हे मात्र कुणीच लिहून ठेवलं नाही.

त्यानंतर पावणेतीनशे वर्षांनी घडलेली गोष्ट होळकरांची. इथे कागद भरपूर आहेत, वर्तमानपत्रं आहेत, छायाचित्रं आहेत.

तिसरे तुकोजीराव होळकर इंदूरचे महाराज. १२ जानेवारी १९२५च्या संध्याकाळी मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादिर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. त्याच्यासोबत मोटारीत असलेली मुमताज बेगम ही इंदूर दरबार सोडून आलेली गायिका-नर्तकी होती. तिला पळवून परत नेण्यासाठी माणसं आली होती. योगायोगाने तिथून जाणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी मध्ये पडले आणि ती वाचली. आरोपींपैकी एकाच्या बचावासाठी मुंबई हायकोर्टात बॅ. जिना उभे होते. चौकशी आयोगाला सामोरं जा किंवा गादी सोडा, असे दोनच रस्ते सरकारने महाराजांपुढे ठेवले. फेब्रुवारी १९२६मध्ये त्यांनी गादी सोडली आणि मुलगा यशवंतराव महाराज झाला. राजाच्या ‘प्रेमा’तून निसटू पाहणाऱ्या बाईचं काय होतं, हे मुमताजच्या प्रकरणाने साऱ्या देशाला दाखवलं. प्रेमकथा लिहिणाऱ्याने ही बाजू विसरू नये.

गादी गेल्यावर युरोपात तुकोजीरावांची ओळख नॅन्सी ॲन मिलर हिच्याशी झाली. अमेरिकेतल्या सिएटलची, जेमतेम विशीतली मुलगी. महाराज सदतिशीतले, आधीच्या दोन राण्या घरात. लग्नाची बातमी फुटताच इकडे वाद पेटला. होळकर हे पुणे जिल्ह्यातल्या होळ गावचे, धनगर समाजाचे. अमेरिकन ख्रिस्ती मुलगी त्यांच्या घरात सून म्हणून येणार कशी?

मार्ग निघाला तो या मातीतल्या रीतीने. मार्च १९२८मध्ये नाशिकला, करवीर पीठाचे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या पुढाकाराने नॅन्सीला हिंदू धर्माची दीक्षा दिली गेली आणि शर्मिष्ठादेवी हे नाव मिळालं. पण नुसतं हिंदू होऊन भागत नव्हतं. जात हवी, माहेर हवं. तेव्हा कर्नल लांभाते या धनगर गृहस्थांच्या घराने तिला दत्तक घेतलं. सिएटलची मुलगी लांभात्यांची लेक झाली आणि त्याच महिन्यात नर्मदेजवळच्या बडवाहला होळकरांची सून झाली. धर्माची कमान एका दिवसात ओलांडता आली, जातीच्या उंबऱ्यासाठी मात्र दत्तकविधान लागलं. हा एवढा प्रसंग एका कादंबरीला पुरून उरेल.

याच घराण्यात थोड्याच वर्षांपूर्वी वेगळा प्रयोग झाला होता. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर आणि इंदूरमध्ये मराठा-धनगर विवाह जुळवण्याचा घाट घातला. १९१९मध्ये आंतरजातीय विवाहाला कायद्याचं पाठबळही दिलं. १९२२मध्ये महाराज गेले, पण १९२४मध्ये कागलच्या घाटग्यांच्या संयोगिताबाई यशवंतराव होळकरांच्या राणी झाल्या. नॅन्सीच्या वेळी दत्तकाचा आधार लागला, तर इथे दोन्ही घरांनी आपापली जात राखून सोयरीक केली. शाहूंची वाट अधिक सरळ होती.

शर्मिष्ठादेवींना चार मुली झाल्या. मुलगा झाला नाही, म्हणून वारसाचा प्रश्न त्यांच्या वाट्याला आला नाही. तो आला यशवंतरावांच्या वाट्याला. १९३७मध्ये संयोगिताबाई गेल्या. त्यांची मुलगी उषाराजे. पुढे यशवंतरावांनी मार्गरिट लॉलर आणि तिच्यानंतर युफेमिया क्रेन या अमेरिकन स्त्रियांशी लग्न केलं. युफेमियाचा मुलगा रिचर्ड १९४४चा. परदेशी आईच्या मुलाला गादीचा वारस मानायला इंग्रज सरकार राजी नसे. पुदुकोट्टईच्या राजांनी १९१५मध्ये मॉली फिंक या ऑस्ट्रेलियन तरुणीशी लग्न केलं, तेव्हा त्यांच्या मुलालाही हाच अनुभव आला. स्वातंत्र्यानंतरही शिरस्ता टिकला. १९५०मध्ये भारत सरकारने उषाराजेंना वारस ठरवलं आणि १९६१मध्ये यशवंतरावांच्या मागे त्याच प्रमुख झाल्या. एका मुलाची वाट अडली आणि त्यातूनच मुलगी होळकरांची प्रमुख झाली.

हा पेच फक्त इथलाच नव्हता. ऑस्ट्रियाच्या फ्रान्झ फर्डिनांडला १९०० साली सोफी शोटेकशी लग्न करताना, आपल्या मुलांना गादीवर हक्क राहणार नाही, अशी शपथ घ्यावी लागली होती; आणि ती तर सरदारघराण्यातली होती. जपानची राजकन्या माको हिने ऑक्टोबर २०२१मध्ये केई कोमुरो या सामान्य तरुणाशी लग्न केलं आणि कायद्याप्रमाणे राजघराणं सोडलं. प्रथेप्रमाणे मिळणारी रक्कमही तिने नाकारली.

आपल्याकडे १९७१च्या घटनादुरुस्तीने तनखे आणि संस्थानिकांची मान्यता दोन्ही संपली. त्यानंतर प्रेमासाठी सोडायला गादीच उरली नाही. रिचर्ड होळकरांनी पत्नी सॅली यांच्यासह महेश्वरला ‘रेहवा’ ही संस्था उभी केली. अहिल्याबाईंच्या काळातली हातमागाची कला मरणपंथाला लागली होती. तिथल्या विणकर बायांना पुन्हा काम मिळालं. ज्याला वारस मानलं गेलं नाही, त्या मुलाच्या हातून घराण्याचं हे काम झालं.

कधी महेश्वरला गेलात, तर नर्मदेच्या काठाने बडवाहलाही जा. १९२८चा मांडव तिथेच पडला होता. त्याच परिसरात रावेरखेडी आहे. २८ एप्रिल १७४० रोजी बाजीराव पेशव्यांनी तिथे देह ठेवला. मस्तानी तेव्हा शेकडो मैल दूर, पुण्याकडे होती आणि तीही लवकरच गेली. त्यांचा मुलगा समशेर बहाद्दर १७६१मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला आणि त्या लढाईच्या जखमांनी गेला. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’ने बाजीराव-मस्तानीची जोडी मराठी घराघरांत पोहोचवली. बडवाहच्या शर्मिष्ठादेवी अजून आपल्या कादंबरीकाराची वाट पाहत आहेत.