जुन्या लाकडाचे नवे टेबल

पावसाळ्यात घरातले दार चौकटीत घट्ट बसते. जोर लावल्याशिवाय उघडत नाही. उन्हाळ्यात तेच दार सहज उघडते. असे का होते? या प्रश्नाचे उत्तर ज्याला कळले, त्याला टिकाऊ टेबल करता येईल.

लाकूड म्हणजे असंख्य बारीक नळ्यांची मोळीच. झाड नुकतेच तोडले, की या नळ्यांत भरपूर पाणी असते. वाळताना आधी पोकळीतले पाणी जाते. त्यामुळे लाकूड हलके होते, पण आकसत नाही. ओलावा कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांखाली उतरला, की नळ्यांच्या भिंतींतील पाणी जाऊ लागते आणि लाकूड आकसते. लांबीत हा फरक नगण्य असतो, रुंदीत मात्र चांगलाच जाणवतो. शिवाय वलयांच्या कडेने होणारे आकुंचन गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या आकुंचनाच्या साधारण दुप्पट असते. म्हणूनच ओली फळी वाळताना वाकते, पिळते.

पाडलेल्या वाड्यातील दारे, तुळया यांचे सागवान मात्र वर्षानुवर्षे वाळलेले असते. त्याचे वाकणे-पिळणे केव्हाच होऊन गेलेले असते. असे लाकूड चुलीत का घालावे?

कामाला लागण्यापूर्वी फळीवरून लोहचुंबक फिरवा. पृष्ठभागालगत मोडून राहिलेले खिळे सापडतील. ते काढले नाहीत तर करवतीचे दात जातील. जुना रंग मात्र घासू नका. त्यात शिसे असू शकते. बिनरंगाचे लाकूडच निवडा. करवत आणि रंधा मोठ्या माणसांच्या देखरेखीखालीच वापरा.

आता पायांना जोडणाऱ्या पट्ट्या. ८ सें.मी. रुंद व २ सें.मी. जाड पट्टी आडवी न ठेवता कडेवर उभी बसवा. ती १६ पट कमी वाकेल! प्लॅस्टिकची पट्टी दोन पुस्तकांवर आधी आडवी आणि मग उभी धरून मध्ये दाबून पाहा, म्हणजे खात्री पटेल.

शेवटी वरची फळी. वाळलेले लाकूडही हवेतील दमटपणा थोडाफार शोषतेच. ६० सें.मी. रुंदीची फळी एक टक्क्याने फुगली, तर ६ मि.मी. वाढते. ती खालच्या चौकटीला चारी बाजूंनी सरस लावून जखडली, तर पावसाळ्यात फुगवटा येईल किंवा उन्हाळ्यात चीर पडेल. म्हणून चौकटीतील स्क्रूची भोके गोल न ठेवता फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट ठेवा. स्क्रूखाली वायसर घाला आणि तो बेताने आवळा. फळी मग हवी तशी सरकेल.

टेबल झाल्यावर त्याची रुंदी मे महिन्यात व पुन्हा ऑगस्टमध्ये एकाच जागी मोजा आणि वहीत लिहून ठेवा. किती मिलिमीटरांचा फरक पडला?